कोंबडीला आंबा गोड लागतो का?

कोंबडीला गोड कळत नाही, असं मी म्हटलं आणि बंड्याचा हात तिथंच थांबला. हातात हापूसची साल होती.

पुण्याहून सुट्टीला आल्यापासून त्याचा एकच उद्योग चाललाय. आंबा चोखायचा, साल परसात भिरकवायची आणि कोंबड्या धावत आल्या की ओरडायचं, "आजोबा, यांनापण हापूसच आवडतो!" धाकटी चिमी हिशेबाला पक्की. ती म्हणाली, "गोड कळत नाही, तर मग धावतात कशाला?"

प्रश्न लाखमोलाचा. मी केरसुणी ठेवली आणि मागच्या पायरीवर बसलो.

हे बघा पोरांनो, चव ओळखायला तोंडात बारीक कळ्या असतात. माणसाच्या तोंडात त्या हजारोंनी, कोंबडीच्या तोंडात जेमतेम काही शे, आणि त्याही बहुतेक मागं टाळूकडं. त्या कळ्यांत निरनिराळ्या चवी ओळखणारी प्रथिनं असतात. गोड ओळखणारं प्रथिन दोन भाग जुळून बनतं. एक भाग नसला तर दुसऱ्या एकट्याला साखर ओळखता येत नाही. २००४ साली शास्त्रज्ञांनी कोंबडीची जनुकं वाचून काढली. त्यासाठी निवडली होती तांबडी रानकोंबडी, म्हणजे आपल्या सगळ्या कोंबड्यांची मूळ आजी. त्या वाचनात कळलं की त्या दोन भागांपैकी एक भाग घडवणारं जनुकच तिच्याकडं नाही.

"मग आपल्या मनीचं काय?" चिमीनं विचारलं. मनीची गतही तीच. मांजराकडं ते जनुक आहे, पण मोडून पडलेलं. म्हणून मनी दुधासाठी पायात घोटाळते, बासुंदीतल्या साखरेसाठी नाही.

आता गंमत ऐका. समोरच्या पपईवर बुलबुल बसलाय ना, त्याच्याकडंही ते जनुक नाही. सगळ्या पक्ष्यांत ते हरवलेलंच आहे. पण काही पक्ष्यांनी वेगळी वाट काढली. मांसाच्या रसातली चव ओळखणारं जे प्रथिन होतं, तेच पिढ्यान् पिढ्या बदलत बदलत साखर ओळखायला लागलं. हमिंगबर्डची ही गोष्ट २०१४ साली उघडकीला आली आणि गाणाऱ्या पक्ष्यांची २०२१ साली. बुलबुल गाणाऱ्यांच्या कुळातला. तेव्हा पपईची मजा तो घेतो. खाली पडलेला तोच तुकडा कोंबडी उचलते, तेव्हा तिच्या तोंडी लागतं ते पाणी, गर आणि थोडासा आंबटपणा.

बंड्याचा चेहरा पडला. पण त्याच्या दुःखाला औषध होतं. कोंबडीला आंबा जिभेनं नाही, डोळ्यांनी आवडतो.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. कोंबडीकडं चार प्रकारच्या, आणि शिवाय हालचाल टिपायला जोडीनं बसलेल्या पाचव्या प्रकारच्या. जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला अजिबात न दिसणारा उजेडही तिला थोडाफार दिसतो. म्हणजे तुमच्या हातातली केशरी साल तुम्हाला दिसते त्याहून तिला जास्त रंगांत दिसत असणार. कशी, ते आपल्याला कधीच कळायचं नाही. २०१४ साली जोसेफ कॉर्बो नावाच्या डोळ्यांच्या अभ्यासकानं आणि साल्वाटोर टॉर्क्वाटो नावाच्या पदार्थविज्ञानाच्या माणसानं मिळून या पेशींची मांडणी तपासली. वरवर पाहिलं तर सगळा विस्कटलेला पसारा. पण मोजमाप केलं तर दिसलं की प्रत्येक पेशी आपल्या जातीच्या दुसऱ्या पेशीपासून बरोब्बर अंतर राखून आहे. असला नेटका पसारा त्याआधी पदार्थविज्ञानातल्या काही विचित्र द्रवांत माहीत होता, प्राण्याच्या अंगात नाही.

आणि खरी नवलाई पुढं आहे. कोंबडीच्या डोळ्यातल्या या प्रत्येक पेशीत तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो. कुणात तांबडा, कुणात पिवळा, कुणात नितळ. आत येणारा उजेड या थेंबातून गाळून पुढं जातो, म्हणून तिला रंगारंगांतला फरक जास्त स्वच्छ कळतो. या थेंबांना रंग येतो कुठून? खाण्यातून! मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या, पिकलेली फळं यांत जी पिवळी-केशरी रंगद्रव्यं असतात, ती पक्ष्याला स्वतः तयार करता येत नाहीत. खाल्ली तरच अंगात येतात. प्रयोगशाळेत जपानी लावे अशा खाण्यावर वाढवून पाहिले की ज्यात ही रंगद्रव्यं मुळीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांतले थेंब बेरंग निघाले.

"म्हणजे ती रंग खाते आणि त्याच रंगानं बघते?" बंड्या म्हणाला. अगदी बरोबर. मला यापेक्षा सोपं सांगता आलं नसतं.

त्याच्या डोक्यात लगेच पुढचा प्रश्न आला. मग रोज आंबा दिला तर बलक केशरी होईल का? फारसा नाही. आंब्यातलं केशरी द्रव्य म्हणजे मुख्यतः तेच, जे गाजरात असतं. कोंबडी त्याचं बरंचसं जीवनसत्त्व 'अ' करून टाकते. बलकात उतरणारी पिवळी द्रव्यं वेगळी, ती मक्यात, पाल्यात आणि झेंडूत जास्त. म्हणून कोंबडीखाद्याच्या कारखान्यांत झेंडूचा अर्क घालतात. दसऱ्याला तोरणं उतरवली की पाकळ्या उकिरड्यावर जातात, त्याऐवजी परसात पसरा. फवारणीचा झेंडू नसला म्हणजे झालं.

ती पिवळ्या पायांची कोंबडी दिसते का, आंब्याच्या बुंध्याशी? तिचे पाय पिवळे का, ही गोष्ट तर आपल्या सह्याद्रीतली आहे. सगळ्यांची मूळ आजी तांबडी रानकोंबडी खरी, ती आग्नेय आशियातल्या भाताच्या शेतांभोवती घुटमळत माणसाळली, साडेतीन हजार वर्षांच्या आसपास झाली त्याला. पण तिच्या कातडीत पिवळा रंग साठत नाही. तो साठू देणारा जनुकीय बदल आला करड्या रानकोंबड्याकडून, असं २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संशोधनातून दिसलं. करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या घाटातल्या जंगलात पहाटे ओरडतो तो. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या रानातल्या या पाहुण्याचा वाटा आहे! आणि अंडी द्यायला लागली की कोंबडी पायांतलाच पिवळा रंग काढून बलकात घालते. महिने गेले की तिचे पाय फिके पडतात. पाळणारा जाणकार पाय बघून सांगतो, ही अंड्यावर आहे की नुसतीच मिरवतेय.

बरं, रंगाचं झालं. आता जिभेकडं परत येऊ, कारण फळं देताना घोटाळा होतो तो तिथंच.

गोडाबरोबर कडूचीही कोंबडीला तोकडीच जाण आहे. माणसाकडं कडू ओळखणारी जनुकं पंचवीसच्या आसपास, कोंबडीकडं फक्त तीन. कडू चव म्हणजे विषाची राखण. आपली राखण पंचवीस जण करतात, तिची तिघं. म्हणून "तिला नको असेल तर ती खाणार नाही" यावर विसंबू नका. त्यात तिला दात नाहीत, पण पोटात जातं आहे.

इथं थोडं थांबायला हवं. कोंबडी खाते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, मग पुढं पाचक रस मिसळतो आणि मग ते जातं पेट्यात. कलेजीबरोबर मिळतो तो पेटा, जाड, चिवट मांसाचा. त्यात कोंबडीनं गिळलेले बारीक खडे असतात आणि त्या खड्यांमध्ये धान्य दळलं जातं. अठराव्या शतकात इटलीतल्या स्पॅलान्झानी नावाच्या पाद्र्यानं टर्कीला काचेच्या गोळ्या गिळायला घातल्या, शिशाच्या गोळ्यात सुया रोवून त्या गिळायला घातल्या. काही वेळानं बाहेर काढलं तर काच भुगा आणि सुयांची टोकं मोडलेली, पेट्याला मात्र ओरखडा नाही. आज कुणी असं करायला गेला तर मी स्वतः त्याला काठीनं हाणीन. पण त्या पाद्र्यामुळं आपल्याला पेट्याची ताकद कळली, हेही खरं.

आता विचार करा. सीताफळाची बी तुम्ही चुकून गिळली तर ती अख्खीच्या अख्खी बाहेर पडते, कवच टणक असतं. कोंबडीनं गिळली तर? पेट्यात दळली जाईल! सीताफळाच्या बियांत कीटकांना मारणारं विष असतं. त्यांची पूड पूर्वी डोक्यातल्या उवांवर लावत, आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. सफरचंदाची बी तशीच. अख्खी असेपर्यंत गरीब, फुटली की तिच्यातून सायनाइड सुटतं. एखाददुसऱ्या बीनं कोंबडी मरत नाही, पण मूठभर बिया रोज टाकल्या तर आपणच वाट लावली म्हणायची. पीच, जर्दाळू, आलुबुखार यांच्या आठळ्यांतही तेच. म्हणून सीताफळाचा गर द्या, बिया वेचून काढा. सफरचंदाचा मधला भाग काढून टाका. चिकूच्या बीला आकडा असतो, तीही काढा. कलिंगडाच्या, पेरूच्या बिया मात्र खुशाल खाऊ दे.

काजूच्या हंगामात बोंडूचा तुकडा द्यायला हरकत नाही, पण काजू फोडल्यावरची टरफलं परसात टाकू नका. त्या टरफलातल्या तेलानं माणसाची कातडी सोलून निघते, आपल्या काजू फोडणाऱ्या बायांचे हात बघा. आणि ते नवं फळ, अवाकाडो, पुण्यात तुमच्या घरी येतं ना टोस्टवर लावायला? ते इथं आणू नका. त्याच्या पानांत, सालीत आणि बीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. ते पक्ष्यांच्या हृदयाला धोक्याचं, बजरीगारसारखे छोटे पक्षी त्यानं मेलेले आहेत. कोंबडी त्या मानानं चिवट, पण चिवटपणाची परीक्षा कशाला घ्यायची? हिरवा टोमॅटो आणि टोमॅटोचा पाला नको, पिकलेला टोमॅटो चालेल. द्राक्षं धुवून, अर्धी चिरून.

"आणि संत्र? त्यात सी व्हिटॅमिन असतं," चिमी म्हणाली. शाळेत शिकवलंय वाटतं. पण कोंबडीला ते बाहेरून घ्यावं लागत नाही, ती मूत्रपिंडात स्वतः बनवते. आपल्याला येत नाही. आणि गंमत बघा, बुलबुललाही येत नाही. १९५८ साली रॉय आणि गुहा या बंगाली शास्त्रज्ञांनी निरनिराळे पक्षी तपासले तेव्हा बुलबुलची ही उणीव सापडली. फळांतच राहणाऱ्याला बनवायची गरज पडत नसावी. तेव्हा संत्र बुलबुलासाठी ठेव. कोंबडी त्याच्याकडं बघून तोंड फिरवते, बहुतेक आंबटपणामुळं.

मग किती द्यायचं? बंड्या विचारतो तसं मापात सांगतो. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाणं खाते. तिच्या खाद्यात सोळा ते अठरा टक्के प्रथिनं लागतात, कारण एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं जातात. शंभर ग्रॅम आंब्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. म्हणजे पोट भरलं आंब्यानं, तर अंडं घडवायचं कशातून? कोंबडीपालनाचे अभ्यासक सांगतात, वरचं खाणं एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे एका कोंबडीला फार तर मोठा चमचाभर. आपल्या पाच कोंबड्यांत मिळून आंब्याची एक पातळ फोड. बंड्या, तू सकाळपासून किती सालं टाकलीस?

त्यानं उत्तर दिलं नाही. चिमीनं बोटं मोजायला घेतली, तेव्हा तो तिच्यावर डाफरला.

एक युक्ती सांगतो. फळ कधीही सकाळी देऊ नका. सकाळी ती भुकेली असते, समोर येईल त्यानं पोट भरते. दाणा-खाद्य खाऊन झालं की दुपारी उरलेल्या जागेत फळ. आणि संध्याकाळी ती खुराड्याकडं बसायला गेली की तिच्या गळ्याखालची पिशवी हलकेच चाचपा, भरलेली, टणकशी लागेल. पहाटे पुन्हा चाचपा. रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती फुगलेली आणि मऊ, पाण्यानं भरल्यासारखी लागली आणि चोचीतून आंबूस वास आला, तर आत बुरशी माजलीय, खाणं आंबतंय. साखरेचं खाणं त्याला हातभारच लावतं. तेव्हा फळ बंद, आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन. लांब गवताचे तंतू किंवा फणसाची चिवट चारखंडं अडकली तरी पिशवी भरलेली राहते, ती टणक लागते. चारखंडं गाईला द्या, गरे बारीक चिरून कोंबडीला, तेही चमचाभरच.

खडे विसरू नका. परसात फिरणारी कोंबडी स्वतः वेचते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला बारीक खडी ठेवावी लागते, नाहीतर सालीचे तुकडे दळले जात नाहीत. तुमची आजी तिसऱ्यांचे शिंपले कुटून ठेवते ते वेगळ्या कामासाठी. ते अंड्याच्या कवचासाठी.

आणि कवचावरून कलिंगड आठवलं. मे महिन्यात कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात ना? त्यांना घाम येत नाही. अंगाचं तापमान आधीच एक्केचाळीसच्या वर. उष्णता बाहेर टाकायला मुख्य वाटा दोन, एक तुऱ्यातून आणि चोचीखाली लोंबणाऱ्या तांबड्या मांसातून, दुसरी धापेतून. पण धाप लागली की कार्बन डायऑक्साइड जास्तीचा बाहेर पडतो. आणि अंड्याचं कवच असतं कशाचं? कॅल्शियम कार्बोनेटचं! त्यातलं कार्बोनेट रक्तातल्या याच कार्बन डायऑक्साइडमधून येतं. तोच उडून गेला की कवच पातळ पडतं. वीसेक तास गर्भाशयात बसून कवच घडतं, त्यातला बराच वेळ रात्रीचा, आणि रात्री कॅल्शियम कमी पडलं तर कोंबडी आपल्या हाडांतलं काढून घालते. अमेरिकेत १९८० च्या दशकात संशोधकांनी उन्हाळ्यात कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून बघितलं, आणि कवचं सुधारली.

"सोडा पाजूया!" दोघं एकदम ओरडली. त्यापेक्षा सावलीत गार पाण्याची परात ठेवा आणि भर उन्हात कलिंगडाची साल द्या, लाल भाग थोडाच ठेवलेली. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. कोंबडी ती टोचून टोचून पांढरी करते, तासभर उद्योग मिळतो, आणि उद्योग नसला की या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. माझ्या मते फळाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. खाणं कमी, काम जास्त.

ते काम वाटून मात्र द्या. एकाच जागी ढीग केला तर थोरली कोंबडी पुढं, आणि ती पांढरी, अंगानं बारीक, कुंपणाशी उभी. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो, थोरलीपासून धाकटीपर्यंत. तो पहिल्यांदा नीट लिहून काढला नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डरप-एब्ब यानं १९२१ साली, आणि कोंबड्या बघायचा नाद त्याला लहानपणीच लागला होता, तुमच्याएवढा असताना. तेव्हा तुकडे चार-पाच ठिकाणी टाका.

तेवढ्यात आमचा तुरेवाला कोंबडा पुढं आला. आंब्याचा तुकडा चोचीत धरला, खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला आणि "कुक-कुक-कुक" सुरू. दोन कोंबड्या धावल्या. "बघा, किती चांगला, स्वतः खात नाही, त्यांना देतो," चिमी म्हणाली. चांगला आहे, पण लबाडही आहे. पीटर मार्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे ऐकून ऐकून मांडलं. खाणं जितकं चांगलं, तितकी हाक जास्त. आणि कधीकधी काहीच नसताना हाक, तीही विशेषतः कोंबडी लांब असली तर, म्हणजे जवळ यावी म्हणून. बंड्या यावर इतका हसला की पायरीवरून घसरता घसरता वाचला.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. सडलेलं, बुरशी आलेलं फळ कोंबडीला टाकायचं नाही. "सडकं झालं, कोंबड्यांना घाल" असं गावात सर्रास बोलतात. १९६० साली इंग्लंडात काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं मेली. कारण कुणाला कळेना, म्हणून रोगाला नावच पडलं 'टर्की एक्स'. शोध घेता घेता माग लागला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. त्या पेंडीवर एक बुरशी वाढली होती आणि ती यकृत जाळणारं विष सोडत होती. त्या विषाचं नाव पुढं अफलाटॉक्सिन ठेवलं, आणि आज आपल्या शेंगदाण्याची, मक्याची तपासणी होते ती त्याच्यासाठी. पावसात आपल्या कोकणात शेंगदाणा काय, पेटीतला बूटही बुरशी धरतो. तेव्हा डाग लागलेला तुकडा थेट खतात. आंबलेला आंबा, आंबलेला बोंडू तर नकोच, त्यात दारू तयार झालेली असते.

झाडाखाली पडलेला ताजा आंबा वेगळा. त्यात फळमाशीच्या अळ्या असतात, अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि तिथं कोष करते. कोंबडी तिथंच उकरते आणि कोष वेचते. पुढच्या हंगामातल्या माश्या तेवढ्या कमी. यासाठी तिला फळ द्यायची गरज नाही, नुसतं झाडाखाली सोडायची. अंधार पडण्याआधी उरलीसुरली साल मात्र गोळा करा. रात्री उंदीर येतात, उंदरामागं साप येतो, आणि मुंगसाला तर कोंबडीच हवी असते.

गोष्ट संपली असं वाटलं तेवढ्यात अंगणातून आजीची हाक आली. काळी कोंबडी वाळत घातलेल्या मिरच्यांवर! चटई उधळलेली, आणि ती निवांत बिया टिपतेय. चिमी घाबरली, "आजोबा, तिचं तोंड भाजेल!"

नाही भाजणार. मिरचीही फळच आहे, बरं का, आणि पक्ष्यांसाठीच बनलेलं फळ. तिखटाचं द्रव्य आपल्या तोंडात उष्णतेची जाणीव देणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, म्हणून आग होते. २००२ साली जॉर्ट आणि ज्युलियस यांनी कोंबडीचं तेच प्रथिन तपासलं. उष्णता त्याला कळते, तिखट नाही. डेव्हिड ज्युलियसला पुढं २०२१ साली नोबेल मिळालं, ते उष्णतेच्या आणि तिखटाच्या या शोधासाठी. उंदरानं मिरची खाल्ली तर बी दातांनी चावून फुकट जाते. पक्ष्यानं खाल्ली तर बी लांब जाऊन पडते आणि रुजते. अमेरिकेतल्या रानमिरचीवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. अमेरिका खंडातूनच मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यात उतरली आणि आपल्या वाटणात आली.

"मग उद्या अंडं तिखट?" बंड्यानं विचारलं.

तिखट नाही, पण अशीच मिरची खात राहिली तर काही दिवसांनी बलक तांबूस. मिरचीतला तांबडा रंग सरळ बलकात उतरतो, म्हणूनच खाद्यवाले मिरचीच्या रंगाचा अर्कही वापरतात.

"रंगाचं राहू दे," आजी दारातून म्हणाली, "संकेश्वरी मिरचीचा भाव माहीत आहे का तुम्हा आजोबा-नातवांना? उठा, चटई उचला आणि त्या काळीला हाकला आधी."